पहिल्यांदाच बीएसडब्ल्यूची मुलं फील्डवर्कला घेताय? आधी स्वतःचा वेळ मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दापोली तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेतला कार्यकर्ता विचारतोय की एक कॉलेज यंदा ऑगस्टपासून बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाची 4 मुलं आठवड्यातून दोन दिवस पाठवतो म्हणतंय, संस्थेत पगारी माणसं तीनच, यांनी आजवर कुणाचं सुपरव्हिजन केलेलं नाही, तर मुलांना काय काम द्यायचं, गावाचा सर्व्हे करून घेतला तर चालेल का, आणि कागदपत्रं काय लागतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं संस्थेच्या बाजूने हे काम बघतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण सगळं लिहिते.

काय काम द्यायचं हे नंतर बघू. आधी तुमच्याकडे त्या मुलांसाठी वेळ किती आहे ते बघा. प्रत्येक मुलाबरोबर आठवड्यातून एकदा समोरासमोर बसायचं, दार लावून, फोन बाजूला ठेवून, निदान पाऊण तास ते तासभर, याला कॉलेजच्या भाषेत आयसी म्हणतात. त्याच्या आधी त्या मुलाचा रिपोर्ट वाचायला अर्धा तास. म्हणजे 4 मुलांचे झाले आठवड्याला 6 तास, वर सगळ्यांची मिळून एकत्र बैठक, म्हणजे जीसी, आणि मध्येच कुणीतरी रडत फोन करणार ते वेगळंच. तीन माणसांच्या संस्थेत एवढा वेळ निघत नाही हो. म्हणून माझं सरळ म्हणणं, यंदा दोनच मुलं घ्या आणि कॉलेजला तसं स्पष्ट सांगा. दोन मुलांचं नीट झालं तर पुढच्या वर्षी चार घ्या. मुलं घेतली आणि आयसीला वेळ नाही असं झालं की ती मुलं मग रजिस्टरं भरतात, झेरॉक्स काढतात, पाहुण्यांना चहा देतात, आणि वर्ष संपतं. त्याहून वाईट म्हणजे काही मुलं हुशारीने स्वतःच लोकांच्या घरात शिरून मोठमोठे प्रश्न हातात घेतात आणि त्यांच्या मागे उभं राहायला कुणी नसतं, त्यात त्या घरातल्या माणसांचं नुकसान होतं.

कॉलेजचे सर किंवा मॅडम असतातच ना, असं तुम्हाला वाटेल. असतात, पण त्यांच्याकडे दहा-पंधरा मुलं वेगवेगळ्या तालुक्यांत विखुरलेली, वर लेक्चरं, ते महिन्यातून एखादी व्हिजिट देणार. त्यांचं काम थिअरीशी जोडून देणं आणि मार्कांचं. त्या घरात त्या दिवशी काय झालं हे कळणारं माणूस तुम्हीच. कुणी काय बघायचं हे सुरुवातीलाच दोघांनी बसून ठरवा, नाहीतर मुलांना दोन साहेब होतात आणि ती दोघांना दोन वेगळे रिपोर्ट लिहितात.

आता सर्व्हेचं. पहिले दीड महिने तरी सर्व्हे नको. कॉलेजला सर्व्हे आवडतो, संस्थांनाही आवडतो कारण आकडे मिळतात, पण मूल पहिल्याच दिवशी फॉर्म घेऊन दारात उभं राहिलं की लोक त्याला योजनेचा माणूस समजतात, आणि मग वर्षभर त्याला तेच ऐकायला लागतं, काय झालं आमच्या घरकुलाचं? त्यापेक्षा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांना आशाताईबरोबर आणि अंगणवाडी सेविकेबरोबर नुसतं चालू द्या. आपल्याकडची गावं एका जागी नसतात, एक वाडी खाली खाडीजवळ, एक वर डोंगरात, मध्ये दोन पऱ्ये म्हणजे ओढे आणि एक साकव म्हणजे छोटा पूल, मोहल्ला वेगळा, बौद्धवाडी वेगळी, धनगरवाडा तर पार टोकाला. गावाचा नकाशा मुलांनी स्वतःच्या पायांनी काढावा, त्यात विहिरी, पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटा, एसटीचा थांबा, रेंज कुठे येते, कुठल्या घराला कुलूप आहे आणि कुठल्या घरात एकच म्हातारं माणूस राहतं हे सगळं यावं. कुलूपबंद घरं मोजली तरी मुलांना इथलं अर्धं समाजशास्त्र कळतं. गावातले निम्मे निर्णय मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये होतात हेही त्यांना तेव्हाच समजतं, आणि मग ती विचारायला लागतात की गावकी कुणाची, मंडळात बायका आहेत का, बौद्धवाडीचं मंडळ निराळं का. असे प्रश्न यायला लागले की समजा मूल बघायला लागलंय.

ऑगस्टला सुरुवात म्हणजे तुमच्याकडे एक चांगली संधी आहे. हर्णैचं मासेमारी बंदर जवळ आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यानंतर होड्या पाण्यात जातात, खलाशी परत यायला लागतात, बंदर जागं होतं. मुलांना संध्याकाळच्या लिलावाला पाठवा, पण बायकांना विचारून, आणि मोबाईल खिशात ठेवून. बोली कोण लावतं, टोपली कोण उचलतं, उधारी कुणाकडून घेतात, लहान पोरं कुठे असतात, बायकांना लघवीला जायला जागा आहे का. शेवटचा प्रश्न मुलं स्वतःहून विचारत नाहीत, मुलग्यांना तर सुचतच नाही, आयसीत तुम्ही विचारा. पुढे ग्रुपवर्क द्यायचं असेल तर असल्याच एखाद्या साध्या गरजेवर चार बायकांबरोबर बसून ग्रामपंचायतीला अर्ज लिहिणं आणि तो पुढे कुठे अडकला ते बघत राहणं, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला झेपतं आणि त्यातून खरंच शिकायला मिळतं. ग्रामसभेलाही न्या, 15 ऑगस्टच्या आसपासची सापडेल, वहीत लिहू द्या कोण खुर्चीवर बसलं, कोण दाराशी उभं राहिलं, कोण बोललं, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी ती झाली का.

केसवर्कसाठी पहिली केस लहान द्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलाला दिसेल अशी. माझी आवडती पहिली केस म्हणजे श्रावणबाळ योजनेचा अर्ज. 65 च्या वरचं निराधार माणूस, वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत, महिन्याला 1,500 रुपये. वाटतं सोपं, पण त्यात वयाचा पुरावा शोधावा लागतो, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला, तहसीलला खेपा, आधारला बँक खातं जोडलेलं नसतं, आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, मंजूर झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला. एका अर्जात मुलाला सरकार कसं चालतं ते कळतं आणि एका म्हाताऱ्या माणसाशी चार-पाच वेळा निवांत बोलणं होतं.

आणि इथेच आयसी कशासाठी लागते ते दिसतं, म्हणून एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका मुलीने रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, "आजींना योजनेची माहिती दिली, समुपदेशन केले, परंतु आजी उदासीन आहेत." एवढंच. मी तिला म्हटलं, आता हे सगळं खोड आणि आजी काय म्हणाली, तू काय म्हणालीस, ते जसंच्या तसं लिहून आण. दुसऱ्या वेळी आलं ते असं: आजी म्हणाली, पैसे नको बाय मला. मी म्हटलं, का आजी, हक्काचे आहेत. आजी म्हणाली, झिलाला (मुलाला) कळलं तर? मी म्हटलं, कळू दे की. मग आजी उठून चुलीकडे गेली आणि परत आलीच नाही. आता हे वाचल्यावर आम्हा दोघींनाही समजलं की उदासीनता वगैरे काही नाही, मुलगा मुंबईत आहे, तो पैसे पाठवत नाही, आणि निराधार म्हणून अर्ज केला तर ते गावभर होणार, मुलाची अब्रू जाणार, ती आजीला 1,500 पेक्षा मोठी वाटते. मग तासभर आम्ही फक्त एवढंच बोललो की आता पुढच्या वेळी गेल्यावर काय करायचं. फॉर्मचा विषयच काढायचा नाही असं त्या मुलीने स्वतः ठरवलं. गेली, लसूण सोलायला बसली, मुलाबद्दल विचारलं. अर्ज करायचा की नाही हे आजीनेच ठरवायचं होतं, आणि तिला ठरवायला वेळ द्यायचा हेच त्या मुलीचं काम होतं. वर्गात स्वयंनिर्णयाचं तत्त्व पाठ करतात ते हेच, पण आयसी झाली नसती तर तो रिपोर्ट "उदासीन" वर सही होऊन फायलीत गेला असता.

म्हणून रिपोर्टवर नुसती सही करू नका. माहिती दिली, जनजागृती केली, समुपदेशन केलं, ही वाक्यं दिसली की पेन्सिलने गोल करा आणि आयसीत विचारा, म्हणजे नक्की काय बोललीस? समोरचा गप्प बसला तेव्हा तू काय केलंस? तुला बसवलं कुठे, खळ्यात, पडवीत की आत? परत ये म्हणाले का? पानभर भाषण देऊ नका, मूल बोलायला हवं, तुम्ही कमी. आणि रिपोर्ट त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी लिहून घ्या, आठवड्याने लिहिलेल्या रिपोर्टमध्ये सगळी माणसं एकसारखीच बोलतात.

एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी टाळली जाते ती म्हणजे जात. आपल्या गावात मूल गेलं की पहिला प्रश्न, गो बाय, तू कोणाची, आडनाव काय, खंयची? आडनावावरून समोरच्याला कळायचं ते कळतं आणि त्यावर ठरतं की पाणी कुठल्या भांड्यात येणार. कुणबीवाडीतली मुलगी बौद्धवाडीत जाते तेव्हा पाणी पिते का, आणि बौद्धवाडीतला मुलगा वरच्या घरात जातो तेव्हा त्याला उंबऱ्याच्या आत घेतात का, हे आयसीत बोललंच पाहिजे. लाज काढायची नाही, ओरडायचं नाही, पण विचारायचं नक्की. पहिल्या बाजूच्या मुलीला ते स्वतःत बघायला लावायचं आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाला एकट्याने सोसायला लावायचं नाही, गरज पडली तर तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर त्या घरात जा आणि तो माझ्या संस्थेचा आहे हे तिथे बसून दाखवा. याच जिल्ह्यात जन्मलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचं काम स्वतः हातात घेऊन हा विषय कोकणात उघडपणे मांडला, गोपुरी आश्रम त्यांचाच, आणि आपण त्याच मातीत मुलांना समाजकार्य शिकवताना हा विषय गाळतो हे मला खरंच पटत नाही.

तसंच गुप्ततेचं. शहरात केसचं नाव बदललं की झालं, इथे "वरच्या वाडीतली ती, जिचा नवरा बोटीवर असतो" एवढं म्हटलं की अख्ख्या एसटीला कळतं. मुलांना सांगा, एसटीत, टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केसबद्दल एक शब्द नाही. रिपोर्टमध्ये नाव नको, वाडीचं नावही नको. फोटो नको, आणि लहान मुलांचे तर अजिबातच नको. कॉलेज पुराव्यासाठी फोटो मागतं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या बोर्डाजवळचा मुलांचा स्वतःचा फोटो द्या.

कायद्याचं मात्र पहिल्याच दिवशी पक्कं सांगा. एखाद्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा नुसती शंका आली तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि हे विद्यार्थ्यालाही लागू आहे. म्हणून "मी कुणाला सांगणार नाही हं" असं वचन मुलांनी कुठल्याच लहान मुलाला द्यायचं नाही. असं काही ऐकलं तर खोदून खोदून विचारायचं नाही, शांतपणे ऐकायचं आणि त्याच तासाला तुम्हाला फोन करायचा, रात्र झाली तरी. पुढचं तुम्ही बघायचं, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन, पोलीस, बालकल्याण समिती. घरात मारहाण होणारी बाई भेटली तर विद्यार्थ्याने नवऱ्याला समजवायला जायचं नाही, कधीच नाही. त्या बाईला काय हवंय ते विचारून संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत, 181 या महिला हेल्पलाइनपर्यंत पोचवणं ही जबाबदारी अनुभवी माणसाची, विद्यार्थी फार तर सोबत असेल. आत्महत्येचं कुणी बोललं तरी तसंच, त्याच वेळी फोन.

आणि मुलांच्या स्वतःच्या सुरक्षेचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. तुमच्याकडे 10 पेक्षा कमी माणसं आहेत म्हणजे अंतर्गत समिती नसणार, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ते नाव-नंबर मिळवून पहिल्या दिवशी मुलांना लेखी द्या, आणि कॉलेजमध्ये कुणाला सांगायचं तेही. मुलींना एकटीला घरभेटीला पाठवू नका, शेवटच्या एसटीच्या आधीची एसटी पकडायची असा नियम करा, शेवटची चुकते. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी फील्ड बंद, ऑफिसात रिपोर्ट लिहा. 22 जुलै 2021 ला एकाच दिवसात चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाडजवळ तळियेवर दरड आली, त्यामुळे इथे पावसात हजेरीसाठी साकव ओलांडायला लावणं मला गुन्हाच वाटतो. अशी आपत्ती आलीच तर कॉलेजं हौसेने मुलं पाठवतात. चिखल काढायला, सामान वाटायला, कागद वाहून गेलेल्यांचे अर्ज लिहून द्यायला, पंचनाम्याच्या यादीत भाडेकरूंची आणि एकट्या बायकांची नावं आलीत का ते बघायला मुलं फार उपयोगी पडतात. पण ज्याचं माणूस गेलंय त्याच्यासमोर प्रश्नावली घेऊन बसायचं नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी समुपदेशन तर नाहीच.

तुम्ही विचारलं नाही, पण कुठे कुठे पाठवू नये तेही सांगते. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय बघायला नक्की न्या, राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी जुनी चारच, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाला तिथे काम द्यायचं तर तिथला समाजसेवा अधीक्षक स्वतः आयसी घेणार असेल तरच. उलट आंब्याच्या बागांतल्या नेपाळी राखणदारांच्या कुटुंबांकडे कुणीच जात नाही, तिकडे दुसऱ्या सेमिस्टरला पाठवा, जानेवारीपासून बागा भरलेल्या असतात. 6 ते 14 वयाची पोरं शाळेबाहेर दिसतील. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांना भेटून दोन पोरांना जरी वर्गात बसवलं तरी त्यात केसवर्क, भाषा, स्थलांतर, सगळं आलं.

गणपतीचं लक्षात ठेवा. कॉलेजला सुट्टी असते, पण घराघरात चाकरमानी येतात ते तेव्हाच. म्हाताऱ्यांच्या औषधाचं, जमिनीचं, मुलीच्या शिक्षणाचं जे काही बोलायचं ते घरातल्या सगळ्यांसमोर त्या आठ-दहा दिवसांतच बोलता येतं. विद्यार्थी स्थानिक असेल आणि राजी असेल तर फील्डचे एक-दोन दिवस तेव्हा बदलून घ्या, सणाचे दिवस सोडून.

पैशाचंही बघा. मुलींना 2023 पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, मुलग्यांना पूर्ण पडतं, वर वाडीपर्यंत रिक्षा. गरीब घरचं मूल पैसे नाहीत हे सांगत नाही, ते सरळ गैरहजर राहतं आणि आपण म्हणतो मूल सिरियस नाही. प्रवासखर्च संस्थेने किंवा कॉलेजने द्यायचा हे आधीच ठरवा. आणि हजेरी खोटी भरून देऊ नका, कितीही गयावया केली तरी. दिवस कमी पडले तर सुट्टीत भरून घ्या.

निघताना काय करायचं तेही शेवटच्या महिन्यात सुरू करा, शेवटच्या दिवशी नको. ज्या घरांत मूल जात होतं तिथे त्याने स्वतः सांगायचं की मी अमुक तारखेनंतर येणार नाही, अर्ज इथपर्यंत आलाय, पुढे या ताई बघतील, आणि तुमच्या माणसाला बरोबर नेऊन ओळख करून द्यायची. प्रत्येक केसची एक पानाची नोंद तुमच्याकडे राहिली पाहिजे.

कागद फार लागत नाहीत. कॉलेजचं पत्र, त्यात मुलांची नावं, फील्डचे वार, सेमिस्टरची उद्दिष्टं, फॅकल्टी सुपरव्हायजरचं नाव आणि नंबर, मूल्यमापनाचा फॉर्म सुरुवातीलाच, पालकांचे नंबर, रक्तगट. तुमच्याकडून ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि अंगणवाडी पर्यवेक्षिका यांना एकेक पत्र की ही मुलं अमुक महिन्यांत येतील. कॉलेजला उत्तर पाठवताना त्यात तीन गोष्टी लेखी टाका: यंदा दोनच विद्यार्थी, आयसीचा वार आणि वेळ ठरलेली, आणि फॅकल्टीची महिन्यातून निदान एक व्हिजिट गावात, ऑफिसात नाही. कॉलेज याला हो म्हणालं तर जुलैच्या शेवटी मुलांना एक दिवस बोलावून गाव दाखवा आणि मग ऑगस्टमध्ये सुरू करा. नाही म्हणालं तर यंदा मुलं घेऊ नका.